फरशी वाळेपर्यंत

खुर्ची दिसत होती, हाच सगळ्यात मोठा छळ. दाराच्या पलीकडे, पॅसेजमध्ये, भिंतीला टेकवून, ब्रेक लावून ती चाकांची खुर्ची उभी होती, आणि पलंगावरून तिला खुर्चीचा एक हात, एक चाक आणि लेकीनं चाकावर चिकटवलेला कागदी मासा इतकं सगळं स्वच्छ दिसत होतं. मधे ओली फरशी. तिची आंघोळ झाली होती, केस पुसून झाले होते, मानेला पावडर लागली होती आणि तिला उशीला टेकवून ठेवलेलं होतं. ठेवलेलं, दुसरा शब्द नाही. धुऊन पुसून कपबशी ठेवावी तसं. त्या सगळ्यात वावगं असं काही नव्हतं, रोजचंच होतं. आणि मग बाथरूममधून धप्प असा आवाज आला.

आवाजानंतर रडणं आलं नाही. पोर पडल्या पडल्या किंचाळली तर आई सुटकेचा श्वास टाकते, गप्प राहिली तर आईचाच श्वास अडकतो. हे कुणी शिकवत नाही. तिनं हाक मारली, "टिटवे!" नवऱ्यानं लेकीचं हे नाव पाडलं होतं, आवाजावरून. आज आवाजच नव्हता. "मावशी! अहो मावशी!" तिचं करायला ठेवलेल्या मावशी खाली दूध आणायला गेल्या होत्या, म्हणजे फाटकापाशी उभ्या होत्या, म्हणजे बोलत होत्या. तिनं उजवं कोपर गादीत रोवलं. डावा हात आजारपणापासून नुसता सोबतीला असतो, कामाला येत नाही. कोपरावर अंग ओढत ती पलंगाच्या कडेपर्यंत आली आणि पाय मागं राहिले, कुणा दुसऱ्याचे पाय अंथरुणात राहून जावेत तसे. खाली फरशी चकचकत होती. आता कलंडली तर घरात दोघी पडलेल्या, आणि उचलायला कुणी नाही. खुर्ची पलंगाला लागून असती तरी तिला एकटीनं चढता आलं नसतं म्हणा. पण ती मघाशी खुर्चीतच होती! आंघोळीहून खुर्चीत बसूनच आली होती, आणि तिथून तिला उचलून पलंगावर घातलं होतं, आणि तिनं घालू दिलं होतं. तेवढ्यात टिटवीला कंठ फुटला. त्या रडण्यानं तिला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी. "ये, माझ्याकडे ये. रांगत ये, उभी राहू नकोस." पोर रांगत आली. एका कोपराला साबण, कपाळावर टेंगूळ उमलतंय. पलंगावर चढली, आईच्या कुशीत ओलं डोकं खुपसलं, आणि हुंदके जरा ओसरल्यावर, समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "फरशी ओली होती ना आई? म्हणून तू नाही आलीस."

साडेचार वर्षांच्या पोरीला कारण पाठ होतं. आई का येत नाही, याचं कारण कुणीतरी तिला रोज थोडं थोडं भरवलं होतं, आणि ते तिनं दुधासारखं पिऊन टाकलं होतं. राग तिथे सुरू झाला. आधी पोटात, जिथे तिला अजून नीट जाणवतं तिथे. मग छातीत, मग कानांच्या पाळ्यांत. टेंगळाला फुंकर घालताना तिच्या लक्षात आलं की आपण फुंकर घालत नाही आहोत, फुसफुसतो आहोत.

मावशी आल्या त्या गोड बोलतच. "अगं माझी बाय ती! पडलं का माझं पाखरू? बघू बघू. काही नाही गं, मुंगी मेली." मग तोच आवाज, तीच पट्टी, जराही न बदलता तिच्याकडे वळली. "आणि आमचं मोठं बाळ का बरं कडेला आलं? पडलं असतं की नाही?" एकतीस वर्षांचं मोठं बाळ म्हणालं, "खुर्ची लांब का ठेवता?"

"फरशी वाळायला नको? चाकं फिरली की नक्षी उमटते."

"वाळली की आणायची मग."

"आणतेच की. माणसानं जरा दम धरावा." पदरानं टिटवीचं नाक पुसत मावशी हसल्या. "आणि तुमच्या सासूबाईंनीच सांगून ठेवलंय ना. आंघोळ झाली की तासभर पडू दे तिला, खुर्ची हाताशी असली की उगाच भिरभिरत बसते. मी काय माझ्या मनानं करते होय? मी आपली हुकमाची ताबेदार."

म्हणजे फरशी नव्हतीच. फरशी टिटवीला सांगण्यापुरती होती.

 बोलायचं म्हणजे मावशींवर ओरडायचं, आणि मावशींवर ओरडायचं कसं? गोड माणसावर ओरडायला जागाच सापडत नाही. हात मारावा तिकडे गादीच. त्यातून मावशी. आईची बहीण. कामाला ठेवलेल्या बाईला पहिल्याच दिवशी नात्यात ओढून घेतलं की मग तिला जाब विचारणं हे भांडण होत नाही, पाप होतं. दुपारी कानाला हेडफोन लावून ती कामाला बसली तरी तिच्या तोंडात न बोललेली वाक्यं होती, आणि चहाला त्यांचीच चव येत होती. काम घरूनच होतं: पाणी तापवायच्या यंत्रांच्या तक्रारी ऐकण्याचं. गीझर बंद, गीझर गळतोय, गीझरमधून गंजकं पाणी येतंय, माणूस आला नाही, आला तो बघून गेला. ओरडणाऱ्याला ओरडू द्यायचं आणि तो दमला की म्हणायचं, तुमचा त्रास मी समजू शकते. या कामात तिचं नाव होतं. नव्या मुलींना तिचे कॉल ऐकवत असत. आज एक म्हातारा ओरडत होता, "दोन दिवस गार पाण्यानं आंघोळ करतोय मी! या वयात! कळतंय का तुम्हाला?" आणि तिला त्याचा हेवा वाटला, कडकडून हेवा. केवढा हा हक्काचा राग, केवढ्याशा गोष्टीसाठी. आणि त्याला ऐकायला पगारी माणूस. "तुमचा त्रास मी समजू शकते," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

मावशी सापडल्या तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता. अख्खी इमारत त्यांचे गोडवे गात होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं शेवटपर्यंत त्यांनीच केलं, हात कधी उचलला नाही, आवाज कधी चढवला नाही, विश्वासाची बाई. सासूबाईंनी तरी परीक्षा घेतलीच. सासूबाई शिवणकामाच्या कारखान्यात देखरेखीला होत्या. माणसं पारखण्यात आयुष्य गेलं असं त्या म्हणत, आणि त्यांची पारख म्हणजे अंगठी. बेसिनवरच्या फळीवर, साबणाच्या शेजारी, विसरल्यासारखी सोन्याची अंगठी ठेवायची आणि आठवडाभर बघायचं. अंगठी हलली नाही. उलट मावशींनी ती धुऊन, पुसून बशीत काढून ठेवली. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला घरात कुणीतरी परीक्षेत पहिलं आल्यासारखं वातावरण होतं. तीही हसली होती. तिलाही अंगठीनंच पटवलं होतं. आता तिला वाटत होतं की त्या फळीवर तिलाही ठेवायला हवं होतं, आठवडाभर, विसरल्यासारखं, आणि बघायला हवं होतं कोण हलवतं, कुठे हलवतं, कुणाच्या सांगण्यावरून हलवतं.

हातांचा विचार ती आजारपणापासून करत आली होती. टिटवी अंगावर पीत होती तेव्हा कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आली, आणि आठवडाभरात पाय गेले. नंतर डाव्या हातातली ताकद. इस्पितळात तिला पहिल्यांदा कळलं की हात किती जातीचे असतात. घाईचे हात, किळस येऊन दोन बोटांनी धरणारे हात, अंगावर असताना दुसऱ्याशी बोलणारे हात. कीव करणारे हात सगळ्यात वाईट. ते ओले नसतानाही ओले लागतात. तेव्हा ती प्रत्येक हाताला थँक्यू म्हणायची. पलंगावर कुशीला वळवलं, थँक्यू. चादर ओढली, थँक्यू. दुखेल असं वळवलं तरी थँक्यू, कारण पुढच्या वेळी कमी दुखवावं. घरी आल्यावरही ती सवय सुटली नाही. तिच्या थँक्यूवर घर चालत होतं. शेजारी कौतुक करत, "काय हो सोशिक सून तुमची!" आणि सासूबाईंचा चेहरा फुलायचा. सोशिक! दगडाला कुणी सोशिक म्हणत नाही. ज्याला लागतं आणि जो बोलत नाही, त्यालाच हा हार घालतात, आणि हार घातला की पुन्हा बोलायची चोरी.

संध्याकाळी सासूबाई आल्या, चप्पल काढली, टेंगूळ बघितलं. "पोरं पडायचीच. तुझा नवरा तर जिन्यावरून गडगडत आला होता."

"आई, खुर्ची लांब ठेवायला तुम्ही सांगितलंत?"

सासूबाईंनी पर्स खुंटीला अडकवली. वेळ घेतला. "सांगितलं. मग? तुझ्या भल्याचंच सांगितलं."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग!" सासूबाई म्हणाल्या, जणू सगळं सिद्ध झालं. नवरा दाराशी उभा होता. औषधांच्या दुकानातून नुकताच आला होता, अंगाला गोळ्यांचा वास. भांडण लागलं की तो नेहमी असा उंबऱ्यावर थांबे. आत नाही, बाहेर नाही. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, आणि चौकटीचा निघालेला रंग नखानं खरवडू लागला.

"पोर पडली आतमध्ये, आणि मी पलंगावर. खुर्ची समोर दिसतेय. कळतंय का तुम्हाला कुणाला?" तिला मघाचा म्हातारा आठवला. कळतंय का तुम्हाला. त्याच्याइतका आवाज मात्र चढला नाही.

"आणि मला कळतंय ते?" सासूबाई एकदम म्हणाल्या.  "मागे वरच्या कप्प्यातला डबा काढायला गेलीस आणि खुर्चीतून घसरलीस. दुपारभर फरशीवर होतीस. दार उघडून आत मी आले, तू नव्हतीस आलीस. मला वाटलं संपलं. तू काय, हसलीस माझ्याकडे बघून. म्हणालीस, आई, सॉरी. तो दिवस मी बघितलाय, तू नाही बघितलास."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला अधिकच राग आला. सगळ्यांचीच बाजू खरी असते घरात. प्रेमानं बांधून घातलेल्या माणसानं गाठीकडे बोट दाखवायचं तरी कसं. जो तो म्हणतो, अगं किती मऊ दोर आहे बघ. पण मावशी विश्वासू होत्या हेही खरंच होतं. शंभर नंबरी विश्वासू. प्रश्न इतकाच होता की कुणाच्या. ज्यांनी निवडलं त्यांच्या. कारखान्यात शिलाईवाल्या बायका जशा देखरेखवालीकडे बघत काम करतात, कापडाकडे नव्हे.

"उद्यापासून मावशी नकोत," ती म्हणाली. "आणि पुढची बाई मी निवडणार."

"निवड बाई. इमारतीत तोंड दाखवायला मात्र मलाच जायचंय."

सकाळी मावशींना तिनं स्वतःच सांगितलं. मावशी रडल्या, जिन्यात बसून रडल्या, प्रत्येक मजल्यावर थोडं थोडं रडत खाली गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की दुसऱ्या मजल्यावरची सून दिसते तशी गरीब नाही. नवऱ्यानं रजा घेतली. तो तिला उचलायचा तेव्हा त्याच्या मानेची शीर फुगायची आणि तो "झालं, झालं" म्हणत राहायचा, स्वतःलाच. रजा आठवड्याची होती. ती संपली की मावशींना परत बोलवायचं, हे कुणी बोललं नव्हतं पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी मावशींचा पांढरा कप अजून फळीवरून काढला नव्हता.

माणूस शोधायला निघालं की कळतं, गाव माणसांनी भरलेलं आहे आणि माणूस नाही. शेजारणींनी नावं दिली, नवऱ्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी दिली, व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं दिली. सगळ्यांची शिफारस एकच: चोरी करणार नाही, उलटून बोलणार नाही. पहिली आली ती सासूबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि त्यांनाच विचारत राहिली. "ह्यांना भरवावं लागतं का? ह्यांना सांगितलेलं समजतं का?" ती म्हणाली, "मला विचारा," तर बाई दचकून हसली, दुकानातली बाहुली बोलल्यासारखी. दुसरी तिला बघताच रडायला लागली. "काय वय हो हे! देवा, काय ही पाळी!" टिटवी घाबरून तिला बिस्कीट देऊन आली. शेवटी तिलाच त्या बाईचा खांदा थोपटावा लागला, पाणी विचारावं लागलं, आणि बाई निघून गेल्यावर नवरा आणि ती इतके हसले की तिची उशी घसरली, आणि हसता हसताच तिला वाटलं, आता आपण काहीतरी फोडणार आहोत. उद्या रजा संपत होती.

तिसरीचं नाव फिजिओथेरपिस्टनं दिलं होतं, पण हात राखून. "काम बरं आहे. तोंड वाईट आहे. तोफ म्हणतात तिला." तोफ उशिरा आली. धिप्पाड, धापा टाकत, आल्या आल्या लिफ्टच्या नावानं ठणाणा करत. सासूबाईंनी खुर्ची पुढे केली तर म्हणाली, "बसत नाही, बसलं की गुडघा धरतो," आणि पलंगाकडे वळली. "तुम्हीच का? बाथरूमला रात्रीचं पण लागतं का हो? आधीच सांगा. रात्रीचं मी करत नाही."

"रात्री नवरा असतो."

"बरंय मग."

"आधीचं काम का सुटलं?" सासूबाईंनी विचारलं.

"भांडण झालं. त्यांच्या कुत्र्यावरनं."

"चावला?"

"नाही हो, मीच लाथ घातली." सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं उंबऱ्याकडे.

"मला खुर्चीत बसवून दाखवा," ती म्हणाली. फिजिओथेरपिस्टनं नवऱ्याला शिकवलं होतं त्यातलं ती काहीच बोलली नाही. बघू या, असं मनात होतं. किंवा सवयच होती न बोलायची. तोफेनं खुर्ची ओढली, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या असतात त्या तशाच ठेवल्या, बगलेत हात घातले आणि पोतं उचलावं तसं हिसक्यानं उचललं. घोटा पट्टीवर आपटला. तिच्या पायांना स्पर्श कळत नाही, दुखणं मात्र भलतीकडून कळतं. कमरेतून वर तापल्या तारेसारखी कळ गेली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिनंच याआधी ऐकला नव्हता.

"अगं बाई, पट्टी बाजूला कर ना आधी! डोळे आहेत का बटणं? माणूस आहे मी, माणूस!"

 टिटवी हातातला रंगीत खडू तसाच धरून बघत राहिली. आणि तोफेनं तिला धरल्या धरल्या, तिच्या कानात, तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "मग आधी सांगायचं ना! मला काय स्वप्न पडतंय तुमच्या पट्टीचं? तोंड आहे ना तुम्हाला? चांगलं खणखणीत आहे की!"

"सांगायला वेळ दिलास?"

"मागितलात?"

तोफेनं तिला परत पलंगावर टेकवलं. दोघी धापा टाकत होत्या. तिला रडू यायला हवं होतं. चार वर्षांत अशा प्रत्येक वेळी आलं होतं, आतल्या आत, थँक्यूच्या मागे. आज आलं नाही. राग आला, बाहेर पडला, समोरच्या भिंतीवर आदळून टणटणीत परत आला, आणि घर जागच्या जागी होतं. कुणी दुखावून जिन्यात जाऊन बसलं नव्हतं. कमरेतली कळ ठणकत होती, आणि तिला कितीतरी दिवसांनी आपण एका खोलीत, एका बाईसमोर, बरोबरीनं बसलो आहोत असं वाटलं.

"अहो, राहू दे," सासूबाई पुढे झाल्या. "ही नको. पहिल्याच दिवशी एवढं तोंड. आणि लागलं केवढं तिला. मी मावशींना फोन करते."

"पुन्हा," ती तोफेला म्हणाली. "आधी पट्ट्या बाजूला. दोन्ही. ब्रेक बघा. आता माझे गुडघे तुमच्या गुडघ्यांत धरा. उजवा हात मी तुमच्या खांद्यावर टाकते. मी म्हणेन तेव्हाच उचलायचं."

"म्हणा."

"उचला."

ती उठली. पलंग सुटला. तोफेच्या मानेला घामाचा आणि कपड्याच्या साबणाचा वास होता. तिचं अंग मोठं होतं, भरवशाचं वगैरे नाही, नुसतं मोठं. खुर्ची डाव्या हाताला होती. अर्ध्यावर, ना इथे ना तिथे असताना, काही दुखत नसताना, काही चुकलं नसताना, ती म्हणाली, "थांबा."

तोफ थांबली. तिचा सगळा भार त्या दोन दंडांवर होता, तोफेचा तो धरणारा गुडघा थरथरत होता, नाकातून शिटीसारखा श्वास येत होता. पण थांबली. का, म्हणून विचारलं नाही. चार वर्षांत तिला उचलताना मधेच कुणी थांबलं नव्हतं. उचललं की ठेवायचं, लवकर, झालं झालं. हवेतल्या त्या एवढ्याशा वाटेवर तिचं काही चालत नसे. तिथून खोली उंचावरून दिसत होती. खिडकीबाहेरची पाण्याची टाकी दिसत होती, कपाटावरची धूळ दिसत होती, सासूबाईंच्या डोक्यातला भांग वरून दिसत होता, आणि तो इतका पांढरा झालाय हे तिला माहीतच नव्हतं.

"अहो, ठेवा तिला खाली!" सासूबाई कळवळल्या. "दमेल ती!"

"त्यांनी थांबा म्हटलंय," तोफ दात आवळून म्हणाली. मग तिच्याकडे, "पण लवकर काय ते बघा हो. गुडघा माझा आहे."

"ठेवा."

ती खुर्चीत बसली. कंबर टेकली, पाठ टेकली, उजव्या हातानं तिनं चाक धरलं. तोफ पदरानं मान पुसत, भिंतीला धरून गुडघा सरळ करत होती आणि तिच्याकडे रागानं बघत होती. नवरा उंबरा ओलांडून आत आला होता, का ते त्यालाच ठाऊक नसावं. बगलेजवळ चुरचुरत होतं. तिनं मान वळवून पाहिलं. दंडावर चार लाल चंद्रकोरी उठल्या होत्या.

"नखं कापून या उद्या येताना," ती म्हणाली.